पोटातलं कथील

आबा, तुमचं इंजिन मी जाळलं.

आधी दुसरंच काही लिहायला घेतलं होतं. घरचं, दुकानचं, आईच्या गुडघ्यांचं. ते सगळं खोडलं, कारण लिहायचं होतं ते हेच. दसऱ्याच्या दुपारी दुकानाच्या ओट्यावर, अकरा माणसांदेखत जाळलं. आता पौष लागलाय. गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या लाल पसरल्यात, वारा इकडे फिरला की टेबलाशी बसल्या बसल्या शिंका येतात, आणि मी अजून तुरीच्या दाण्याएवढ्या एका भोकाशी भांडतोय. राग आलाय. निम्मा माझ्यावर आहे आणि निम्मा तुमच्यावर, हे आधीच सांगून टाकतो. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण तुम्ही एक वाक्य बोलला असतात तर ही वेळ आली नसती. एकच वाक्य, आबा.

इंजिन घरी आलं तो दिवस मला ताटातल्या भाजीसकट आठवतो. कापसाच्या जिनच्या शेठाणीचा न्हाणीघरातला तांब्याचा बंब तुम्ही दुरुस्त करून दिला होता. ते काम जिनचं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी जाऊन केलेलं होतं, म्हणून तिनं माळ्यावरून एक खोका काढून तुमच्या हातात दिला. तिची मुलं मोठी होऊन परदेशी गेली होती आणि लहानपणी ज्याच्याशी खेळली ते खेळणं नुसतं पडून होतं. आई चुलीपुढे भाकरी थापतेय, मी वांग्याची भाजी खातोय, आणि तुम्ही खोका पाटावर ठेवता. आतून वीतभर लांबीचं इंजिन निघतं. पत्र्याचा चौथरा, आडवा पितळी बॉयलर, विटांचं चित्र छापलेलं धुराडं, लाल आऱ्यांचं चाक आणि लाकडी मुठीची एवढीशी शिट्टी. आई म्हणते, "हाई खावानं शे का? उचला आठून." तुम्ही उचलत नाही. हाताची पाठ पितळेवरून फिरवता, जिनमधल्या मोठ्या बॉयलरवरून फिरवायचे तशीच. मला वाटलं होतं तुम्ही काही बोलाल. तुम्ही फक्त म्हणालात, "जित्तं शे."

तुम्ही जिनमध्ये बॉयलर सांभाळायचे, हे मी शाळेत छाती काढून सांगायचो. कापसाच्या गाठी दाबणारा प्रेस वाफेवर चालायचा आणि वाफ तुमच्या हाताखाली होती. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या आणि कोळसा भट्टीत टाकायला चाचा. तुमच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, काळे, हसरे, अंगात कायम भिजलेली बनियन. तुम्ही दोघं दिवसभरात वीस शब्द बोलत असाल. तुम्ही नुसती मान हलवायचे आणि चाचा फावडं उचलायचे. दर दसऱ्याला बॉयलरला झेंडूची माळ पडायची, नारळ फुटायचा, खोबरं चाचा वाटायचे. त्याच संध्याकाळी घरच्या ओट्यावर आमचं इंजिन चालायचं. वर्षातून त्या एकाच दिवशी. बॉयलरमध्ये पाणी भरायचं आणि खालच्या दिव्यात स्पिरिट ओतायचं ते औषधाच्या बाटलीच्या झाकणानं मोजून. दीड झाकण. एकदाच विचारायचं धाडस केलं होतं मी, दीडच का? तुमचं उत्तर मला पाठ आहे: "पाणी सराना पहिले आग सरनी पाहिजे." मी मान हलवली. मला त्यातलं एवढंच कळलं की इंजिन सहा-सात मिनिटं चालेल आणि मग पुन्हा एक वर्ष खोक्यात जाईल.

मी अकरा वर्षांचा असताना ज्या दिवशी खोका स्वतः उघडला त्या दिवसाबद्दल आपण दोघं कधीच बोललो नाही. तुम्ही जिनमध्ये, आई तळोद्याच्या बाजाराला गेलेली. मी पाणी भरलं, स्पिरिट ओतलं, काडी लावली. आणि आबा, काय चाललं ते! सहा मिनिटं झाली, दहा झाली, चाकाच्या आऱ्या दिसेनाशा झाल्या, मी शिट्टी वाजवत सुटलो. मग आवाज बदलला. खुळखुळ गेली आणि कोरडी टकटक सुरू झाली. मी ती ऐकली, पण ऐकून काय करायचं ते मला माहीत नव्हतं. चाक थांबलं तरी दिवा जळतच होता. पितळ खालून निळं-काळं पडलं, टोकाच्या जोडाला सांधणारा डाख वितळून पाझरला. तुम्ही संध्याकाळी आलात, इंजिन उलटं करून पाहिलंत आणि विचारलंत, "कितला झाकण वतात रे?" मी म्हणालो, "दीडच, आबा." तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मारलं नाहीत. मारलं असतंत तर बरं झालं असतं, मी त्याच वेळी खरं बोललो असतो. तुम्ही इंजिन पिशवीत घालून दुसऱ्या दिवशी जिनमध्ये घेऊन गेलात.

आठवड्यानं ते परत आलं. टोकाचा जोड नीट बसवलेला होता. पण बॉयलरच्या पोटाखाली, बरोबर मध्यावर, डाखाचा एक गोळा लोंबत होता. चिंचोक्याएवढा, ओबडधोबड, टोकाला थेंबासारखा ओघळलेला. एवढं देखणं परदेशी यंत्र आणि त्याच्या पोटाला हा फोड. मला तो दिसला आणि शरम वाटली. खरं सांगतो, मला तुमची शरम वाटली. वाटलं, मोठ्या बॉयलरवरचा माणूस, हात मोठ्या कामाचा, बारीक काम याला जमत नाही. हे मत मी त्या दिवशी केलं आणि चाळीस वर्षं तसंच बाळगलं.

पुढे जिन बंद पडलं, बॉयलर कापून भंगारात गेला, आणि मी मोटारी भरण्याचं दुकान टाकलं. शेतातल्या पंपाची मोटार जळाली की तिची तार उलगडायची, वेढे मोजायचे, नवी तार तितक्याच वेढ्यांनी भरायची. हे मला कुणी शिकवलं नाही. जळालेल्या मोटारी उघडून मोजून शिकलो. तुम्ही सकाळी दुकानात येऊन बाकावर बसायचे. एकदा मी भरलेली मोटार सुरू केली, छान फिरली, गिऱ्हाईक खूश, आणि तुम्ही डोळे मिटून ऐकत होता. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणालात, "तुन्हा हात शहाणा शे. पण तुले कान नही." मी चिडलो. म्हणालो, वेढे मोजून भरलेत, एक कमी नाही की एक जास्त नाही. तुम्ही उठून घरी गेलात. ती मोटार महिन्यात परत आली, बेअरिंग गेलं होतं. हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं.

इंजिनांचा नाद तुम्ही गेल्यावर लागला. शहाद्याच्या एका भंगारवाल्याकडे एक सापडलं, चाक नसलेलं. ते चालू केलं, मग दुसरं, मग लोकांना कळलं. आता पुण्याहून, बडोद्याहून माणसं खोकी पाठवतात. बहुतेकांना चकचकीत हवं असतं, दिवाणखान्यातल्या कपाटासाठी. वाफेवर चालवून दाखवतो म्हटलं तर म्हणतात, कशाला, डाग पडतील. अशा माणसांशी माझं जमत नाही. मी मापात काम करतो. या जुन्या खेळण्यांच्या स्क्रूचे आटे आपल्याकडच्या कुठल्याच आट्यांशी जुळत नाहीत, म्हणून आटे पाडायचं हत्यार मी घरी बनवलं. शिट्टीच्या आतली गोळी मी दाणा दाणा घासून बसवतो. "कुठे शिकलात?" असं कुणी विचारलं की मी म्हणतो, "कुठेच नाही." दुकानात शिकवणाऱ्या कुणाचा फोटो नाही. तुमचा आहे, पण तो बाप म्हणून.

आपलं घरचं इंजिन मी सगळ्यात शेवटी ठेवलं होतं. हात पूर्ण बसला की करायचं, असं. गेल्या श्रावणात काढलं. चौथऱ्याच्या खालच्या बाजूला मूळ लाल रंग शाबूत होता, त्याच्याशी जुळवायला रंग तीन वेळा कालवला. दिव्याच्या वाती सुती धाग्याच्या मीच वळल्या. सेफ्टी व्हॉल्व्हची स्प्रिंग बदलली, दाब देऊन तपासली. आणि तुमचा तो गोळा कानशीनं घासून काढला. काढताना बायको चहा घेऊन उभी होती. मी तिला म्हणालो, "आबा माणूस मोठे, पण डाखाचं काम बघ, म्हशीच्या शेणासारखं." ती म्हणाली, "कसाले बोलतस तसं? त्यास्ना हातनं शे ते." मी हसलो.

गोळ्याखाली भोक निघालं. तुरीच्या दाण्याएवढं, आणि पूर्ण गोल, आबा. मी भिंगातून पाहिलं. गंजून किंवा जळून पडलेलं भोक इतकं गोल असत नाही, त्याच्या कडा खाल्लेल्या असतात. हे ड्रिलनं पाडलेलं होतं, आणि कडा आतून घासून गुळगुळीत केलेल्या होत्या. मला हे दिसलं. दिसूनही मी एवढाच विचार केला की फाटलेला भाग साफ करायला पाडलं असेल. मग त्या भोकाला आटे पाडले, पितळी स्क्रू घट्ट बसवला, वरून घासून सपाट केला, पॉलिश केलं. जोड कुठे आहे ते माझ्या स्वतःच्या नखाला लागेना. घासून निघालेलं तुमचं कथील मी दुकानातल्या डाखाच्या डब्यात टाकलं आणि तो डबा वितळवला. आता ते कुणाच्या मोटारीच्या कुठल्या जोडात आहे, कुणास ठाऊक. हे आठवलं की हात चावावासा वाटतो.

दसऱ्याला माणसं बोलावली. गल्लीतली, दोन जुनी गिऱ्हाइकं, तापीकाठचे एक केळीवाले शेतकरी ज्यांच्या चार मोटारी माझ्याकडेच असतात, आणि चाचा. चाचांना मी स्वतः रिक्षानं घेऊन आलो. आता वाकलेत, डोळ्याला कमी दिसतं. खुर्ची पुढे टाकली. इंजिनाला झेंडूची माळ घातली, तुमच्या फोटोला घातली. दिवा भरला, पेटवला. पाच मिनिटांत वाफ धरली, बोटानं चाकाला हलकासा धक्का दिला आणि ते सुटलं. आबा, तसं ते तुमच्या हातीही चाललं नव्हतं. गल्लीतल्या बायका दारात आल्या. सगळ्यांचे मोबाइल वर. केळीवाले म्हणाले, "भाऊ, कितला टाईम चालस हाई?" मी म्हणालो, "तुम्ही म्हणाल तितका." मग मी त्यांना सांगायला लागलो. आट्यांचं, रंगाचं, शिट्टीतल्या गोळीचं. ते विचारत होते आणि मी सांगत होतो, पाठ इंजिनाकडे. मागे कोरडी टकटक सुरू झाली ती मी ऐकली नाही. चाचांनी ऐकली. ते खुर्चीवरून अर्धे उठून म्हणाले, "अरे, पानी... पानी देख!" मी वळेपर्यंत पाण्याची पातळी दाखवणारी काचनळी तडकली होती. टोकाचा जोड सुटला, पितळी झाकण टणकन ओट्यावर पडलं, चकचकीत डाखाचे थेंब लाल रंगावर सांडले. दिवा तसाच जळत होता. मी तो फुंकून विझवला आणि बोट भाजलं. लागलं कुणाला नाही.

केळीवाले म्हणाले, "काय व्हयनं?" आणि मी, बोट तोंडात धरून, म्हणालो, "वडिलांचं जुनं डाखाचं काम होतं. तेच सुटलं. त्यांचा हात या कामाचा नव्हता."

तुमचा फोटो माझ्या मागे होता. माळेसकट.

लोक "अरेरे" म्हणाले, आपट्याची पानं देऊन गेले. चाचांसाठी जिलेबी आणली होती. ते म्हणाले, "नको बेटा, घर जाना है." रिक्षा बोलावतो म्हटलं तर काठी टेकत चालत निघाले. मला वाटलं, म्हातारा थकला.

दहा दिवस मी जळलेलं इंजिन समोर ठेवून तुमच्यावर चरफडत होतो. जोड तुमचा होता ना? मग तो का टिकला नाही? खरं तर त्या जोडानं चाळीस दसरे काढले होते, पण रागाच्या माणसाला हिशेब येत नाही. बायको दारात येऊन म्हणायची, "या आते जेवाले. ते काही पळी जावाव नही." शेवटी चाचांकडे गेलो, जळलेला बॉयलर रुमालात गुंडाळून. म्हटलं, तुम्ही त्यांच्यासोबत होतात, हा जोड त्यांनी कशानं लावला होता ते आठवतं का? चाचांनी बॉयलर हातात घेतला. त्यांना बारीक दिसत नाही, त्यांनी अंगठा पोटावरून फिरवला. एकदा, दोनदा. मग माझ्याकडे मान वळवून विचारलं, "इस के पेट का राँगा किधर गया?"

मी म्हणालो, "तो गोळा? तो काढला. घाण दिसत होता."

चाचा हसले नाहीत. म्हणाले, "बेटा, तू बॉयलरवाले का लडका है. बडे बॉयलर के पेट में क्या रहता था?"

आणि तिथे, त्यांच्या ओसरीवर, मला कळलं. मोठ्या बॉयलरमध्ये भट्टीच्या बरोबर वर एक डाट असायचा, मधोमध भोक पाडून कथलानं बुजवलेला. बॉयलरमध्ये पाणी आहे तोवर कथील थंड राहतं. पाणी सरलं की ते आधी वितळतं, भोक उघडतं आणि वरची वाफ भट्टीवर झेपावून आग विझवते. बॉयलर वाचतो, माणसं वाचतात. हे मला माहीत होतं, आबा! पुस्तकात वाचलंय, गिऱ्हाइकांना चित्र काढून सांगितलंय. वीतभर खेळण्यात कुणी हे करेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. तुम्ही भोक गोल पाडलं होतं कारण ते मुद्दाम पाडलं होतं. आणि गोळा सपाट न करता लोंबता ठेवला होता कारण तो दिव्याच्या ज्योतीत सगळ्यांच्या आधी तापायला हवा होता. वितळून ज्योतीवर पडायला हवा होता. मी ज्याला फोड म्हणालो तो तिथला पहारेकरी होता. आणि मी त्याला कानशीनं काढून त्याच्या जागी कधीच न वितळणारा पितळी स्क्रू बसवला, इतका सफाईनं की नखाला लागू नये.

चाचांनी सांगितलं, तुम्ही आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत ते काम करत होता. चाचा हसले होते, खेळण्याला कसला डाट म्हणून. तेव्हा तुम्ही म्हणालात, "पोऱ्या खोटं बोलना. परत बी बोली. म्हनीसन मी इंजिनलेच सांगी ठेवं."

पोरगा खोटं बोलला, पुन्हाही बोलेल, म्हणून इंजिनाला सांगून ठेवलंत. मला का नाही सांगितलंत? राग येतो तो याचा. मी काय इतका वाया गेलेला होतो की माझ्यापेक्षा पितळेवर भरवसा ठेवावा? गोळा दाखवून म्हणायचं होतं, "हाई काढू नको." तीन शब्द. पुढे आठ-दहा वर्षं तुम्ही माझ्या दुकानात बाकावर बसलात, तेव्हा तरी सांगायचं. मी तिथून घरापर्यंत चालत आलो आणि वाटभर तुमच्याशी भांडत आलो. गांधी पुतळ्यापाशी एका ओळखीच्यानं हाक मारली तर त्याच्याकडे बघितलंही नाही.

मग काम सुरू केलं, कारण दुसरं मला येत नाही. तसाच एक पितळी नळा घेतला, टोकं बंद केली, पोटाला भोक पाडलं, डाट भरला. दुकानातला नेहमीचा डाख वापरला तर तो पाणी असतानाच ठिबकला. शिसं वाढवलं तर पाणी संपून नळा लाल व्हायची वेळ आली तरी हा ढिम्म. शिसं कमी, जास्त, पुन्हा कमी. सात वेळा. प्रत्येक वेळी वजन करून, वहीत लिहून. मापात काम करणारा माणूस मी, आणि मला तुमचं माप सापडत नव्हतं. वही भिरकावली एकदा, ती तेलाच्या डब्यात पडली. चाचांना पुन्हा विचारलं, आबा किती शिसं घालायचे? ते म्हणाले, "मालूम नहीं. कान को लगाता था."

ते ऐकून मी घरी आलो आणि मला एक दुपार आठवली. जिन बंद ठेवून बॉयलर साफ करायचा दिवस. तुम्ही बॉयलरच्या पोटातून बाहेर आलात, काजळीनं माखलेले, आणि कथलाची एक बारीक कांडी माझ्या कानाशी धरून वाकवलीत. आतून करकर असा आवाज आला, नवी वहाण करकरते तसा. मी दचकलो. तुम्ही हसलात, आणि तुम्ही हसलेलं मला फार वेळा आठवत नाही. म्हणालात, "ऐकं? खरं कथील रडस. भेसळ रडत नही." म्हणजे त्यात शिसं नव्हतंच, आबा. नुसतं कथील. मी सात वेळा ज्याचं प्रमाण शोधत होतो ते मुळात नव्हतं. आणि तुम्ही मला सांगितलं नाही असं मी वर लिहिलंय, पण कानाशी धरून सांगितलं होतंत. हे मान्य करताना माझा राग कमी होत नाही, उलट वाढतो, कारण आता तो टाकायला दुसरीकडे जागा उरली नाही.

भांड्यांना कल्हई लावणाऱ्या माणसाकडून कथील आणलं. तो म्हणाला, चोख आहे. मी कांडी ओतून घेतली, वाकवून कानाला लावली. पहिली रडली नाही. त्याला नेऊन दाखवली, तो ओशाळला, दुसरं दिलं. दुसरी रडली. तिचा डाट भरला, लोंबता ठेवला. तीन वेळा पाणी सरू दिलं. दोनदा तो वेळेवर पडला आणि दिवा विझला. एकदा पडला नाही. तुमचं इंजिन चाळीस वर्षं थांबून राहिलं होतं आणि माझं तीनातून दोनदा. म्हणून ते अजून जोडलेलं नाही. भरून झाल्यावर हाताला सवयीनं कानस लागली होती, गोळा नीट करायला. खाली ठेवली.

चाचा म्हणाले होते, "जिनके सामने बोला, उनके सामने वापस बोल." मागच्या आठवड्यात केळीवाले आले, त्यांची मोटार भरायला होती. मी हात पुसले आणि म्हणालो, "दसऱ्याला मी आबांच्या कामाबद्दल बोललो ते खोटं होतं. त्यांचं काम बरोबर होतं, मी ते काढून टाकलं होतं." ते म्हणाले, "कोन्तं काम?" मी सांगितलं, इंजिन, डाख. ते म्हणाले, "ते तर मी तव्हयच भुली गऊ. मन्ही मोटर कव्हय देतस ते सांगा, केळी सुकी ऱ्हायनी." सांगतो, आबा, मला जीव भांड्यात पडल्यासारखं झालं. पहिल्यांदा त्यांनाच सांगायचं मी ठरवलं होतं ते यासाठीच, ते विसरले असणार याची मला खात्री होती. उरलेले नऊ जण विसरलेले नाहीत. त्यांच्याकडे अजून गेलेलो नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, ते इंजिनाच्या खोक्यात चौथऱ्याखाली जाईल. म्हणून वर एक गोष्ट गाळली ती इथे लिहितो. चाचांच्या ओसरीवर, बॉयलर त्यांच्या हातात असताना, राँग्याचं सांगण्याआधी त्यांनी मला आणखी एक विचारलं होतं. "दसरे को दिये में कितना डाला था?" त्या दिवशी मी मोजलंच नव्हतं. झाकण हातात घेतलंही नव्हतं, माणसं बघत होती म्हणून बाटलीनंच दिवा काठोकाठ भरला होता. लहानपणी तरी मी मोजून तीन झाकणं ओतली होती.

मी म्हणालो, "दीडच, चाचा."

ते तुमच्यासारखेच माझ्याकडे बघत राहिले.